सर्जा, राजा आणि पंच

मेसचं बिल बोर्डावर लागलं की आमच्या होस्टेलमध्ये दोन प्रकारची पोरं दिसतात. एक, जी स्वतःचा आकडा बघतात, एक शिवी हासडतात आणि निघून जातात. दुसरी, जी मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढून तिथंच उभी राहतात. मी पहिल्या वर्षापासून दुसऱ्या प्रकारात. आणि गेल्या वर्षी सप्टेंबरचं बिल लागलं तेव्हा त्या बोर्डासमोर उभं राहायला मला लाज वाटत होती. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

स्टाफपैकी ज्यांना होस्टेलची मेस ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं आधी. आमची मेस पोरंच चालवतात. महिन्याचा एकूण खर्च भागिले सगळ्यांच्या हजेरीचे एकूण दिवस, असा रोजचा दर निघतो. गावाकडे गेलात तर आदल्या दिवशी ‘खाडा’ टाकायचा. खाडा टाकला तर तेवढ्या दिवसांचे पैसे नाहीत, विसरलात तर न जेवता पैसे भरा. पूर्वी मेसच्या दाराला सुतळीनं एक रजिस्टर बांधलेलं असायचं. त्यावर वरणाचे डाग, खाडाखोड, फाटलेली पानं आणि महिन्याच्या शेवटी हमखास भांडण. सेकंड इयरला मी म्हटलं, कॉम्प्युटरवाले आहोत लेको, हे काय रजिस्टर घेऊन बसलोय! चार रात्री जागून खाड्याचं अ‍ॅप बनवलं. लॅबमधून बाद झालेला एक पीसी सरांकडून मागून आणला, त्यावर लिनक्स टाकलं, आणि होस्टेलच्या वायफायवरून कुणीही खोलीत बसून खाडा टाकू लागला. रजिस्टर गेलं. माझी कॉलर ताठ.

ती ताठ कॉलर तीन महिने टिकली. ऐन परीक्षेत त्या पीसीचा एसएमपीएस उडाला. दोन दिवस अ‍ॅप बंद आणि सगळं होस्टेल माझ्या दारात. सर म्हणाले, “अरे, एका बैलावर कुणी नांगर धरतं का? जोडी कर.”

झालं, मी लागलो कामाला. आणखी एक बाद पीसी मिळाला. त्या आठवड्यात पोळा होता म्हणून दोघांची नावं ठेवली सर्जा आणि राजा. सर्जा जुन्या विंगमध्ये, राजा नव्या विंगमध्ये. मध्ये जमिनीखालून गेलेली एक केबल.

आता ‘क्लस्टर’ म्हटलं की आपल्याकडे लगेच ‘परम’ आठवतो. पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ साली परम ८००० उभा केला, तेव्हा अनेक प्रोसेसर एकत्र जोडून मोठं गणित लवकर सोडवायचं, असा हेतू होता. माझी जोडी त्या जातीची नव्हे. इथं काम एकाच मशीननं करायचं, दुसऱ्यानं नुसतं बघत बसायचं आणि पहिलं पडलं की जू खांद्यावर घ्यायचं. याला म्हणतात हाय अव्हेलेबिलिटी. सेवा बंद पडू नये, एवढाच हट्ट.

या हट्टाचं एक गणित असतं. सेवा ९९ टक्के वेळ चालू म्हटलं तर ऐकायला झकास वाटतं, पण वर्षातले साडेतीन दिवसांहून जास्त ती बंद असते. ९९.९ टक्के म्हणजे पावणेनऊ तास बंद. ९९.९९ म्हणजे साधारण ५३ मिनिटं, आणि ज्याला ‘पाच नऊ’ म्हणतात ते ९९.९९९ म्हणजे वर्षभरात जेमतेम सव्वापाच मिनिटं. आता ९९ टक्केवाली दोन मशीन घेतली तर दोन्ही एकाच वेळी पडण्याची शक्यता शंभरात एक गुणिले शंभरात एक. म्हणजे सरळ ९९.९९! बाद झालेल्या दोन डबड्यांत चार नऊ! मी हे सरांना फळ्यावर लिहून दाखवलं. सर हसले आणि म्हणाले, “हे दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच.” त्या ‘तरच’कडे मी लक्ष दिलं नाही.

जोडणी अशी केली. दोन्ही मशीनवर कोरोसिंक. हा दर क्षणाला दुसऱ्याला विचारतो, “आहेस का?” आणि उत्तर येतं, “आहे.” काही सेकंद उत्तर आलं नाही तर समोरचा मेला असं धरायचं. त्यावर पेसमेकर, म्हणजे कोण काय चालवणार हे ठरवणारा मुकादम. डेटासाठी डीआरबीडी. सर्जाच्या डिस्कवर जे लिहिलं जाईल ते त्याच क्षणी केबलवरून राजाच्या डिस्कवरही उमटायचं. आणि एक फिरता आयपी अ‍ॅड्रेस, जो काम करतो त्याच्याकडे तो. पोरांच्या दृष्टीनं पत्ता तोच, आत राहणारा कोण हे कळायचं कारण नाही.

टेस्ट घेतली. सगळ्यांसमोर सर्जाची वायर उपटली. अर्ध्या मिनिटात राजा उभा, अ‍ॅप चालू. टाळ्या पडल्या. मेस सेक्रेटरीनं त्या रात्री मला जादा गुलाबजाम दिला.

सेटअप करताना पेसमेकर एक तक्रार सारखी करत होता, की ‘स्टोनिथ’ची सोय केलेली नाही, मी रिसोर्स सुरू करणार नाही. स्टोनिथ म्हणजे समोरचा खरोखर मेलाय याची खात्री होण्यासाठी त्याची वीजच तोडायची सोय. म्हटलं, हे कशाला? आपली दोन पीसींची गंमत, त्यात आणखी एकमेकांना गोळ्या घालायच्या? एका ओळीत सेटिंग ‘फॉल्स’ केलं. तक्रार थांबली. असं करणारा मी जगात एकटा नव्हे, पण म्हणून माझी चूक लहान होत नाही.

गणपती आले. स्थापनेच्या आदल्या संध्याकाळी दोन विंगांच्या मधल्या मोकळ्या जागेत आम्ही पोरं मांडव घालत होतो. बल्लीसाठी खड्डा घेताना पहारीचा घाव बसला थेट पीव्हीसी पाईपवर. पहार कुणाच्या हातात होती ते सांगत नाही. माझ्या नव्हती, पण “अजून खोल घे रे” असं म्हणणारा मीच होतो. नव्या विंगचं इंटरनेट गेलं. केबलवाला म्हणाला, आता सणाचं जमत नाही, पाच दिवसांनी येतो. पोरांकडे मोबाईलचा डेटा होता. कुणी फारसं बोंबललं नाही.

आत काय झालं ते ऐका. सर्जानं विचारलं, “आहेस का?” उत्तर नाही. सर्जाला वाटलं, राजा मेला. आपण काम करतोच आहोत, चालू ठेवू. राजानं विचारलं, “आहेस का?” उत्तर नाही. राजाला वाटलं, सर्जा मेला! त्यानं फिरता आयपी घेतला, डिस्क ताब्यात घेतली आणि तोही कामाला लागला. दोघंही धडधाकट. मेली होती फक्त मधली वाट. जुन्या विंगची पोरं खाडे टाकत होती सर्जावर, नव्या विंगची राजावर. दोन्हीकडे स्क्रीनवर हिरवी टिक येत होती. याला ‘स्प्लिट ब्रेन’ म्हणतात. एका धडाची दोन डोकी झाली, आणि दोन्ही स्वतःला खरं मानून चालली.

मी त्या पाच दिवसांत सर्जाचं स्टेटस एकदा पाहिलं. ‘राजा ऑफलाईन’ असं होतं. वाटलं, केबल तुटलीय, असणारच. आणि आरतीला पळालो.

पाचव्या दिवशी केबल जोडली. डीआरबीडीनं लॉगमध्ये स्वच्छ लिहिलं की स्प्लिट ब्रेन सापडलाय, मी कनेक्शन सोडतोय. त्याला दोन वेगळे इतिहास दिसत होते आणि कुठला खरा हे ठरवणं त्याचं काम नव्हे, ते माणसाचं. माणूस म्हणजे मी. रात्रीचे दीड वाजले होते. पद्धत अशी की एका मशीनला सांगायचं, तुझा डेटा टाकून दे आणि दुसऱ्याचा घे. मेसचा काउंटर सर्जाला जोडलेला, सबब सर्जा खरा. राजावर ‘डिस्कार्ड माय डेटा’ची कमांड मारली. सिंक शंभर टक्के झालं. दोन्ही एकमेकांना “आहे, आहे” म्हणायला लागले आणि मी निवांत झोपलो. राजाच्या डेटाबेसचा एक डंप आधी घ्यायला दोन मिनिटं लागली असती.

महिनाअखेर बिल लागलं. दर निघाला ८४ रुपये. नव्या विंगमधला माझा एक मित्र माझ्याकडे आला. आमची ओळख पहिल्या दिवसापासूनची, अ‍ॅडमिशनच्या रांगेत पुढं-मागं होतो. तो गेवराईकडचा. वडील आजारी पडले म्हणून गणपतीच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं गेला आणि अकरा दिवसांनी आला. म्हणाला, “माझं बिल पूर्ण तीस दिवसांचं लागलंय. मी खाडा टाकला होता रे, निघायच्या आधी रात्रीच.”

मी लॅपटॉप उघडून पाहिलं. एंट्री नव्हती. आणि मी त्याला म्हणालो, “घाईत विसरला असशील. सिस्टीममध्ये नाहीये ना.”

तो काही बोलला नाही. “असंल बाबा,” एवढंच म्हणाला आणि २५२० रुपये भरून मोकळा झाला. पुढच्या महिन्यात त्यानं संध्याकाळचा चहा-नाश्ता बंद केला होता, हे मला नंतर त्याच्या रूममेटकडून कळलं.

दुसऱ्या दिवशी आणखी दोघं आले. संध्याकाळपर्यंत सात झाले. सातही नव्या विंगचे, सगळ्यांचे खाडे त्याच पाच दिवसांत टाकलेले. सातव्याच्या मोबाईलमध्ये हिरव्या टिकेचा स्क्रीनशॉट होता. तो पाहिला आणि पोटात गोळाच आला. रात्री दीड वाजता मारलेली ती कमांड डोळ्यांपुढं उभी राहिली.

एक क्षण असा आला की गप्प बसावं असं वाटलं. लॉग माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नव्हता. केबलवर ढकलता आलं असतं, सणावर ढकलता आलं असतं. पण “विसरला असशील” हे माझंच वाक्य कानात घुमत होतं. आधी मित्राच्या खोलीवर गेलो आणि त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मला वाटलंच होतं टाकलाय म्हणून. पण तू म्हणलास म्हणून मला माझाच भरोसा वाटेना.” मशीननं चूक केली असती तर चाललं असतं. मी माझ्या मशीनच्या जोरावर माणसाला खोटं पाडलं होतं.

मेसची मीटिंग बोलावली, उभा राहिलो आणि कबूल केलं. जो गोंधळ व्हायचा तो झाला. आता प्रश्न असा की नव्या विंगचे गेलेले खाडे आणायचे कुठून? तेवढ्यात पोळ्यांच्या परातीमागून मेसचे मामा म्हणाले, “माझ्याकडं हायेत की.”

मामांनी अ‍ॅप आल्यापासूनही एक वही चालूच ठेवली होती. गावाला निघालेलं पोरगं मामांना “मामा, चाललो बरं का” असं सांगून जातं, तेव्हा मामा नाव आणि तारीख टिपून ठेवायचे. कणिक किती मळायची याचा अंदाज लागावा म्हणून. विचारलं, मामा, बोलला नाहीत कधी? तर म्हणाले, “तुमचं कॉम्प्युटरचं काम, आपण कशाला मधी बोलावं.”

मामांची वही, पोरांचे स्क्रीनशॉट आणि एसटीची तिकिटं धरून आम्ही तीन रात्री हिशेब जुळवला. ३४ पोरांचे मिळून २११ दिवस निघाले. महिन्याचा खर्च होता ४,८७,२०० रुपये आणि हजेरी धरली होती ५८०० दिवस. हजेरी ५५८९ वर आली आणि दर ८४ वरून ८७ रुपये १७ पैशांवर गेला. म्हणजे महिनाभर जेवलेल्या प्रत्येकाला सुमारे ९५ रुपये जादा. जुन्या विंगच्या पोरांनी कटकट केली, पण भरले. मित्राचं बिल २५२० चं १६५६ झालं. वरचे पैसे त्याला परत देताना मी त्याच्या डोळ्यांकडे पाहू शकलो नाही.

त्यानंतर मी जे आधी वाचायला हवं होतं ते वाचलं. आणि कळलं की हे दुखणं मोठ्यामोठ्यांना झालेलं आहे. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहबच्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नेटवर्कमध्ये देखभालीचं काम चालू असताना एक दुवा तुटला. किती वेळ? ४३ सेकंद! तेवढ्यात त्यांच्या यंत्रणेनं डेटाबेसचा कारभार पश्चिम किनाऱ्याकडे सोपवला. दुवा परत आला तेव्हा दोन्ही किनाऱ्यांवर अशा नोंदी होत्या ज्या दुसरीकडे नव्हत्या. आमच्या दोन विंगा, तसे त्यांचे दोन किनारे. पण त्यांनी माझ्यासारखी एक बाजू फेकून दिली नाही. सेवा लंगडत चालली तरी चालेल, पण लोकांचा डेटा जपायचा, असं ठरवलं. सगळं पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली.

शास्त्रही तेच सांगतं. एरिक ब्रूअर यांनी २००० साली मांडलं आणि २००२ मध्ये गिल्बर्ट आणि लिंच यांनी सिद्ध केलं, की मधली वाट तुटली की दोन्ही बाजू चालू ठेवणं आणि दोन्हीकडे एकच सत्य राखणं, ही दोन्ही सुखं एकदम मिळत नाहीत. एक सोडावं लागतं. मी काय सोडायचं ते ठरवलंच नव्हतं, म्हणून माझ्या नकळत ते ठरलं गेलं.

यावरचा उपाय आपल्या गावात जुनाच आहे. दोघांचं भांडण असेल तर तिसरा पंच बसवा. क्लस्टरमध्ये याला कोरम म्हणतात. तीन मतं, आणि ज्याच्याकडे दोन त्यानंच काम करायचं. एक रास्पबेरी पाय घेतला, वर्गणी काढून. तो मेसमध्ये बसवला, त्याच्यापासून एक केबल जुन्या विंगला आणि एक नव्या विंगला, दोन्ही डोक्यावरून, पहारीच्या आवाक्याबाहेर. त्याचं नाव अर्थातच पंच. पंच डेटा ठेवत नाही, खाडे टाकत नाही. फक्त मत देतो, आणि तेही एकालाच. आता विंगांमधली वाट तुटली तर एकाला दोन मतं मिळतात, दुसऱ्याकडे स्वतःचं एकच उरतं. आणि एकच उरलेला हटवादीपणा करू नये म्हणून दोन्ही मशीनच्या बोर्डावरचा वॉचडॉग टायमर चालू केला. मतं गेली की मशीन स्वतःच रीबूट होतं. सोडून दिलेलं स्टोनिथ शेवटी या रूपानं परत आलं.

याचा अर्थ असा, की पुन्हा केबल तुटली तर एका विंगला अ‍ॅप बंद दिसेल. पोरं म्हणाली, मग हाय अव्हेलेबिलिटी कसली? म्हटलं, बंद दिसलं तर तुम्ही चालत मेसमध्ये याल आणि मामांच्या वहीत खाडा टाकाल. खोटी हिरवी टिक दिसली तर निवांत गावाला जाल.

दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही मुद्दाम एकेक गोष्ट तोडून पाहिली. केबल, स्विच, यूपीएस, एकेक मशीन. तेव्हा कळलं की सर्जा आणि पंच एकाच फेजवर होते. ती वायर बदलली. सर्जाची बरोबर नक्कल राजावर असते, पण नक्कल म्हणजे बॅकअप नव्हे, कारण सर्जावर चुकून पुसलं की राजावरही त्याच क्षणी पुसलं जातं. म्हणून रोज रात्री दोनला एक डंप वेगळ्या मशीनवर जातो आणि दर रविवारी तो खरंच परत उघडतो का ते पाहतो. शेवटी एकच जोड न लावलेला भाग उरला. रूटचा पासवर्ड फक्त मला माहीत होता! तो बंद पाकिटात रेक्टर सरांच्या कपाटात गेला, सगळी पद्धत मराठीत एका वहीत लिहिली, आणि सेकंड इयरच्या दोघांकडून माझ्याविना सगळं दोनदा बंद-चालू करून घेतलं.

खरं तर या शहरात हे कुणी शिकवायला नको. मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगराकडचं पाणी नहरीनं गावात आणलं. पुढं एकीच्या जोडीला आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीला आजही त्यातलं पाणी दिसतं. आपल्या घरांचं पाहा. जायकवाडीचं पाणी नळाला काही दिवसांआड येत असल्याची सवय असलेल्या माणसानं खाली हौद, वर टाकी आणि मोरीत ड्रम ठेवलेलाच असतो. माझ्या आईला ‘सिंगल पॉईंट ऑफ फेल्युअर’ हा शब्द माहीत नाही, पण तिच्या स्वयंपाकघरात गॅसबरोबर शेगडीही आहे. मी मात्र चार नऊ फळ्यावर लिहून बसलो होतो.

आता यंदाचे गणपती येतील तेव्हा मी फायनल इयरला असेन. मांडवाची जागा बदलली आहे. मेसच्या दाराला पुन्हा सुतळीनं एक रजिस्टर बांधलंय, अ‍ॅपच्या जोडीला. गेल्या आठवड्यात मित्र गावाला निघाला होता. त्यानं अ‍ॅपवर खाडा टाकला, मग मामांच्या वहीत लिहिला, आणि मग माझ्या खोलीवर येऊन म्हणाला, “टाकलाय रे. बघून घे.”

मी तिन्ही मशीनवर बघून घेतलं.

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी